संत्र्याचा ताण

मागच्या हिवाळ्यात माझा भाऊ व्हायरल न्यूमोनियानं नागपूरला आयसीयूत होता. बाहेरच्या बाकावर रामाकोन्याकडचा एक संत्रा बागायतदार बसायचा. त्याची बायको त्याच आजारानं आत व्हेंटिलेटरवर होती. नावं आम्ही एकमेकांना विचारलीच नाहीत. डॉक्टर रोज एवढंच सांगायचे, वाट पाहा. मग तो उठून कोपऱ्यातल्या कुंडीतलं पान चिमटीत दुमडून बघायचा.

एकदा म्हणाला, "बहार धराले आमी संत्र्याले ताण देतो. पाणी तोडतो, पानं सुकतात. मंग पाणी सोडलं का झाड फुलते. हिचंही तसंच होईन, वाट पाहून राहिलो."

माझा भाऊ वाचला. जिना चढताना अजून मध्येच थांबतो, पण वाचला.

यंदा सौंसरच्या बसस्टँडवर तो माणूस दिसला. बायकोचं विचारायचा धीर होईना, म्हणून म्हटलं, "बगिच्याचा ताण तोडला का? पाणी सोडलं का?"

"ते गेली, भाऊ," तो म्हणाला. "औंदा ताण देलाच नाई. पानं जराशी सुकली का हात मोटरीकडंच जाते. बहार नाई आला तं नाई आला."