काचेवरचे सत्तेचाळिसावे पान

न्यू हॅम्पशायरमधील खडकाळ शेत सोडून लोव्हायना टटल मॅसॅच्युसेट्सच्या कापडगिरणीत आली, त्याला चार वर्षे झाली होती. तिच्या कमाईवर धाकटा भाऊ कॉलेजात शिकत होता. विणखात्यात पुस्तक सापडले की नाव कमी, हा गिरणीचा नियम; आणि वर्तणुकीचा दाखला नसला, तर कालव्यावरची दुसरी कोणतीही गिरणी दारात उभी करत नसे.

लोव्हायनाने त्यातून वाट काढली होती. पुस्तक उसवून ती एका वेळी एकच पान आणी आणि सुताच्या खळीने मागाजवळच्या खिडकीच्या काचेवर चिकटवी. पान म्हणजे काही पुस्तक नव्हे.

अठराशे चाळीसच्या त्या दशकात जो तो लेखक रान, एकांत आणि माणसाच्या मनातला काळोख यांवरच लिहीत होता. "रानाचं एवढं वेड असेल, तर माझ्या बापाच्या शेतातले दगड वेचायला या म्हणावं," शेजारच्या मागावरची हल्डा म्हणे. पण पान बदलले की पहिली मान तिचीच वळे.

मार्चमधल्या एका सकाळी नवा मुकादम क्रॉकर त्या खिडकीपुढे थबकला. काखेत नावे कमी करण्याची वही होती.

त्या दिवशी काचेवर सत्तेचाळिसावे पान होते. कथेतला माणूस धुक्यात वाट चुकून आपल्याच पावलांच्या खुणांपाशी परत येतो, आणि त्यांच्या शेजारी त्याला दिसते... तिथे पान संपत होते. क्रॉकर हलेना. तेवढ्यात त्याच्यापुढच्या मागावर धोट्यातला बाणा, म्हणजे आडवा धागा, संपला. आणखी क्षणभराने कापड नासले असते. तिने त्याच्या कोपराखालून हात घालून माग थांबवला.

"माग का थांबवलास?"

"बाणा संपला, साहेब. तुम्ही वाचत होतात."

हल्डाला एकाएकी खोकला आला.

क्रॉकरचे कान लाल झाले. "काय दिसतं त्याला?"

"ते मागल्या बाजूला आहे. काचेला चिकटलंय."

"म्हणजे तू वाचलंयस. पुस्तक आहे तुझ्याजवळ."

भावाची शेवटची परीक्षा जूनमध्ये होती.

"खोलीवर आहे, साहेब. इथं फक्त पान आहे."

क्रॉकरने वही उघडली. पेन्सिल कागदावर टेकली आणि तिथेच थांबली.

"काढ ते. आणि फाटता कामा नये."

ओल्या फडक्याने भिजवत भिजवत तिने दुपारच्या घंटेपर्यंत पान अखंड सोडवले. त्याने ते न बघता वहीत ठेवले आणि तो चालता झाला. संध्याकाळी तिने आपली पेटी भरून ठेवली.

दुसऱ्या दिवशी ती खात्यात शिरली, तेव्हा पान पुन्हा काचेवर होते. अठ्ठेचाळिसावी, मागली बाजू खात्याकडे करून.

"वाकडं लावलंय मेल्यानं," हल्डा कुजबुजली.

क्रॉकर त्याविषयी कधीच बोलला नाही. तीन वर्षांनी लोव्हायनाने गिरणी सोडली, तेव्हा दाखल्यावर त्याने लिहिले: वर्तणूक उत्तम, पुस्तक आढळले नाही.