एका उंदराची स्लाइड

मैत्रिणीनं माझा केसानं गळा कापला, आणि तोही माझ्याच डोळ्यांची साक्ष काढून.

आम्ही दोघी अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या प्रयोगशाळेत मलेरियाच्या लशीवर काम करायचो. ती उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातली सिंधी, मी चिखलोलीची. रोज तिच्या स्कूटीवर मागे बसून जायचे. दोघींच्याही लशीत मलेरियाचा अख्खा जिवंत परजीवीच टोचायचा, फक्त आधी त्याला अधू करायचा. मी त्याला किरणांचा मारा द्यायचे, ती त्याचे एकदोन जीन काढून टाकायची. त्यानं यकृतापर्यंत जावं, शरीरानं त्याला नीट ओळखून ठेवावं, पण रक्तात मात्र उतरू नये. रक्तात उतरला तर ती लस कसली, तो मलेरियाच! माझा परजीवी यकृतात शिरताच ढेपाळायचा, म्हणून उंदरांना डोसावर डोस लागायचे. तिचा तिथे चांगला वाढून मग मरायचा, म्हणून तिचं थोडक्यात भागायचं. मी जळायचे तिच्यावर, खोटं कशाला बोलू?

आमच्याकडे एक पद्धत होती. आपल्या उंदरांचं रक्त आपण तपासायचं नाही. काचेवर रक्ताचा थेंब पसरून त्याला स्टेन, म्हणजे रंग द्यायचा, आणि वर नुसता खुणेचा आकडा. तिच्या स्लाइड्स मी बघायच्या, माझ्या तिनं. माणसाला स्वतःच्या कामात हवं तेच दिसतं, म्हणून ही काळजी.

तिच्या एका स्लाइडवर मला तांबड्या पेशींमध्ये जांभळ्या बारीक अंगठ्या दिसल्या. परजीवी रक्तात उतरला होता. मी तिला हाक मारली. ती बराच वेळ मायक्रोस्कोपला डोळे लावून बसली. मग म्हणाली, "हां यार, आहे." तिचा चेहरा इतका उतरला की मीच जाऊन तिच्यासाठी चहा आणला.

पुढे दोन्ही लशींची तुलना करायला प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी मीटिंग ठेवली. एकच लस पुढे जाणार होती. आधी मी बोलले, माझी कुठे कमी पडते ते सगळं सांगून टाकलं. मग ती उठली. तिच्या पडद्यावरच्या तक्त्यात तो उंदीरच नव्हता!

"एकाच्याही रक्तात परजीवी उतरला नाही," ती म्हणाली, आणि माझ्याकडे हात केला. "सर, स्लाइड्स हिनंच वाचल्यात."

"एक राहिली," मी म्हणाले. "त्यात होता."

"ती ना? सर, तिचा स्टेन बिघडला होता. नुसता कचरा. फेकून दिली मी."

हे ती माझ्याकडे बघत बोलली. सर म्हणाले, भांडू नका, आणि माझं काम बंद झालं. कामाचं दुःख झालंच. पण "हां यार, आहे" म्हणणारी तीच होती, हे मला अजून गिळवत नाही. ती लस उद्या कुणाच्या तरी पोराला टोचायची होती.

संध्याकाळी गेटपाशी ती दोन्ही हेल्मेट घेऊन उभी.

"गुस्सा नको ना करू. संडेला ये, मम्मी दाल-पकवान बनवतेय." मग हळूच म्हणाली, "आणि ऐक, पुढच्या लॉटच्या स्लाइड्स पण तूच वाच. तुझ्यावर सगळ्यांचा भरोसा आहे."

मी हेल्मेट घेतलं नाही. समोरून येणाऱ्या रिक्षाला हात केला.

"वाचीन की," मी म्हणाले. "पण आता अंगठी दिसली तर हाक तुला नाही, सरांना मारीन."