खोडीचा पोस्टमन

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात सहादेवतात्यांना न ओळखणारा माणूस शोधायला निघालात तर दिवस मावळेल. चाळीस वर्षं दलाली केली त्यांनी. गाय चार पावलं चालली की तात्या तिचं वेत, म्हणजे ती कितव्यांदा व्यालीय ते, सांगायचे, स्वभाव सांगायचे, आणि लाथ मारते की नाही तेही सांगायचे. पण खरी कमाल होती ती उजव्या हाताची. आमच्याकडे जनावराचा भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांचे हात रुमालाखाली जातात आणि एकजण दुसऱ्याची बोटं धरतो. जितकी बोटं धरली तितका आकडा. वर तोंडानं पोराबाळांची चौकशी चाललेली असते आणि खाली सौदा ठरत असतो. एकदा रुमाल निघाला की विषय संपला. मग माझ्या मनात वेगळंच होतं, असं कुणी म्हणायचं नाही.

मागच्या उन्हाळ्यात तात्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. नगरच्या दवाखान्यात वेळेवर नेलं म्हणून निभावलं. बोलणं जाग्यावर आलं, पायही हळूहळू वळणावर आला. हात तेवढा रुसून बसला. डॉक्टरांनी सहा महिने थांबा म्हणून बजावलं होतं. पण तात्या कसले ऐकतायत? तिसऱ्याच महिन्यात शेजारच्या रतनबाईची गाय घेऊन ते बाजारात उभे राहिले.

समोर बाबाजान होता, त्यांच्याइतकाच जुना व्यापारी. रुमाल पडला. तात्यांनी त्याची चार बोटं धरली, निदान त्यांना तरी तसं वाटलं. पण त्यांच्या शेवटच्या दोन बोटांत जोरच नव्हता. बाबाजानला तीनच कळली. त्याला ती परवडत होती, त्यानं मान हलवली आणि रुमाल काढला. चूक तात्यांच्या तिथंच ध्यानात आली. पण रुमाल निघाला होता. कमी पडलेले पैसे त्यांनी आपल्या खिशातून घातले, रतनबाईला ठरल्याप्रमाणे भाव मिळाला असं सांगितलं आणि घरी येऊन आडवे झाले. त्यानंतर त्यांनी बाजाराची वाट धरली नाही. ज्याचा हात खोटं बोलतो तो कसला दलाल, असं त्यांनी बायकोला, साळूबाईला, एकदाच सांगितलं. नंतर तो विषय घरात कुणी काढला नाही.

डॉक्टरांनी दाबायला स्पंजचा चेंडू दिला होता. मी काय लेकरू हाय का, म्हणून तात्यांनी तो कोनाड्यात टाकून दिला. तो तिथंच धूळ खात पडला.

आता त्यांची नात संस्कृती. नगरला कॉलेजात शिकते, रोज जाऊन येऊन करते. तिनं एका मोबाईल दुरुस्तीच्या दुकानातून हातात धरून खेळायचं एक जुनं मशीन आणलं, आत एक व्हिडिओ गेम. एका दुपारी ती ओट्यावर खेळत बसली होती, तेवढ्यात साळूबाईनं हाक मारली. पोरीनं मशीन तात्यांच्या हातात कोंबलं आणि सांगितलं, "तात्या, ही दोन बटणं दाबत राहा, नाहीतर बेडूक जिंकेल."

बेडूक जिंकेल म्हणजे काय? तात्यांनी आधी मशीनकडं बघितलं, मग आत पळालेल्या नातीकडं. आणि दाबायला लागले. बेडूक हरला. तात्यांना उगाच बरं वाटलं, आणि असं उगाच बरं वाटून त्यांना कितीतरी महिने झाले होते.

गेम तरी काय विक्षिप्त! एक ढेरपोट्या पोस्टमन छत्री घेऊन गावोगाव हिंडतो. रस्त्यात राक्षस भेटतात, पण मारामारी नाही. राक्षस चिडलेत ते त्यांची पत्रं पोचली नाहीत म्हणून. पोस्टमननं पत्र काढून वाचून दाखवलं की राक्षस हमसून हमसून रडतो आणि वाट सोडतो. एक राक्षस तर डोक्यावर घर घेऊन तीस वर्षं भावाच्या पत्राची वाट बघत उभा होता. संस्कृतीनं ते पत्र मराठीत करून सांगितलं तेव्हा तात्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. म्हातारा बेडकाच्या नादी लागला, म्हणून साळूबाई हसली. हसू दे, तात्यांना आता कशाची फिकीर नव्हती.

पण जनावर पारखलेल्या माणसाची नजर, ती खोडी बघणारच. पोस्टमन चालतो इतका सावकाश की बघणाऱ्याला जांभई यावी. अक्षरं मुंगीएवढी. नकाशात दाखवलेला पूल जाग्यावर नाहीच. झालेला खेळ राखून ठेवायचा तर तो फक्त विहिरीवर. एकदा विहीर दोन पावलांवर आली आणि बॅटरी संपली. दोन दिवसांची चाल पाण्यात गेली. तात्यांनी त्या मशीनला दिलेल्या शिव्या इथं लिहिता येणार नाहीत. आणि सगळ्यात वाईट खोड म्हणजे तो बेडूक. दर आठदहा पावलांना आडवा येणार. उजव्या हाताच्या तर्जनीनं वरचं बटण आणि अंगठ्यानं खालचं, आळीपाळीनं शंभर वेळा दाबल्याशिवाय हलणार नाही. तेवढा वेळ मशीन खालच्या दोन बोटांवर तोलून धरायचं. दिवसात असे चाळीस बेडूक. संस्कृती तर कंटाळून गेम सोडून बसली. तात्यांनी काही सोडला नाही. गेममधल्या डोंगरापलीकडच्या म्हातारीला लेकाचं पत्र जायचं राहिलं होतं ना!

दिवाळीनंतर गेम संपला. म्हातारीला पत्र मिळालं. तात्यांनी विचारलं, हे ज्यांनी बनवलं त्यांचा पत्ता काय, मला त्यांचे आभार मानायचेत. संस्कृती म्हणाली, ती कंपनी कधीच बंद पडली. पण लोक इंटरनेटवर आपलं मत लिहितात, तुम्ही सांगा, मी लिहिते.

तात्यांनी आधी सगळ्या खोडी सांगितल्या, एकही सोडली नाही. मग म्हणाले,

"आता लिही. जनावर खोडीचं हाय, पर काळजाचं लई चांगलं हाय. माज्या पडत्या काळात ते माज्यापाशी हुतं. ज्यानं केलं त्याचं भलं हुवो."

पाचपैकी किती तारे द्यायचे, असं तिनं विचारलं. चाळीस वर्षांची सवय, तात्यांनी खांद्यावरचा टॉवेल तिच्या हातावर टाकला आणि खालून बोटं धरली.

"आई गं! चार. तात्या, हळू, दुखतंय."

तात्यांनी हात सोडला नाही. चारही बोटं त्यांच्या मुठीत होती, आणि त्यांची करंगळीसुद्धा घट्ट आवळलेली होती. मग ते त्या ओट्यावर बसून लहान पोरासारखे रडले. साळूबाई धावत बाहेर आली. संस्कृतीनं तिला तात्यांचा तोच उजवा हात धरायला दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते रतनबाईच्या दारात उभे राहिले. म्हणाले, "रतनबाई, तवा तुज्या गायीच्या सौद्यात माज्या बोटांनी दगा दिला. मी तुला सांगितलं न्हाई."

"मला बाबाजानभाईनं कवाच सांगितलं," ती म्हणाली. "पैसे कुनाच्या खिशातनं आले तेबी कळलं. तुमी बाजारात येत न्हवता म्हनून इकायची कालवड तशीच ठेवलीया. दुसऱ्याच्या हातात द्यायचं मन हुईना."

ती गोठ्यात गेली, कालवड सोडून आणली आणि दाव्याचं टोक तात्यांच्या उजव्या हातात दिलं. कालवड तरणी, बाहेरचा उजेड बघून तिनं जोरात हिसका मारला. दावं सुटलं नाही.