टकेटांचा फाटा

माझी नणंद डेल्फा टकेट ऑरेगॉनमधल्या बेकर सिटीत शाळेची बस चालवायची. उभी हयात तिने त्यात घालवली. गावातला चाळिशीच्या आतला एकही माणूस तिची बोलणी खाल्ल्याशिवाय मोठा झालेला नाही. आमच्या बँकेचा मॅनेजर आजही तिला समोरून येताना पाहिलं की तोंडातलं च्युइंगगम गिळून टाकतो.

लग्न तिने केलं नाही. बसभर पोरं असताना घरी आणखी कशाला, असं म्हणायची. माझा नवरा मर्ल तिचा एकुलता एक भाऊ. आम्हालाही मूलबाळ झालं नाही. मर्ल गेला आणि डेल्फा टकेट घराण्यातली शेवटची उरली. हे ती मला ऐकवायची, माझ्याच स्वयंपाकघरात, मीच केलेली कॉफी पीत.

"आता माझं असं कुणी उरलं नाही, लोरीन."

मी भांडी आपटायचे. एवढी वर्षं हिची दुखणीखुपणी मी काढली, आणि ही माझ्या तोंडावर म्हणते कुणी उरलं नाही! तिला रक्ताचं माणूस म्हणायचं होतं, हे मलाही कळायचं. पण कळलं म्हणून राग थोडाच कमी होतो?

टकेट म्हणजे आमच्याकडची जुनी माणसं. एबेन आणि लायमन असे दोन सख्खे भाऊ मिसुरीहून बैलगाड्या जुंपून निघाले. वायोमिंगात जिथे वाटेला फाटा फुटतो, तिथे दोघांचं बिनसलं. एबेन उजव्या वाटेने ऑरेगॉनला आला. लायमन डावीकडे वळला, कॅलिफोर्नियाच्या सोन्यामागे. त्यानंतर दोन्ही घरांत एका शब्दाची देवाणघेवाण नाही. लायमनचं नाव निघालं की माझे सासरे "हावरट मेला" एवढंच म्हणायचे आणि बटाट्याचं भांडं पुढे सरकवायचे.

गेल्या हिवाळ्यात डेल्फाने पैसे भरून, रक्ताचे नातेवाईक शोधून देणाऱ्या कंपनीला एका नळीत थुंकी पाठवली. हल्ली सगळेच पाठवतात. उत्तर आलं की कॅलिफोर्नियात प्लेसरव्हिलला वेंडेल टकेट म्हणून एक जण आहे, लायमनच्या वंशातला. नळदुरुस्ती करायचा, आता निवृत्त. बायको गेलेली, मूल नाही, म्हणजे तोही शेवटचाच. झालं! दर रविवारी फोन सुरू झाले. जी बाई फोनवर "हो", "नाही" आणि "ठेवते" याखेरीज चौथा शब्द बोलत नसे, ती तासतासभर खिदळायला लागली.

"त्याचेही कान आमच्यासारखेच बाहेर आलेत म्हणे," तिने मला सांगितलं.

"फोनवर कान दिसतात वाटतं?"

"तू ना, लोरीन, जळतेस नुसती."

जळत होतेच. खोटं कशाला बोलू?

मग दोघांनी ठरवलं की जूनमध्ये आपापल्या घरून निघायचं, आपापले पूर्वज ज्या वाटेने आले ती वाट गाडीने उलट्या दिशेने कापायची आणि शनिवारी दुपारी बारा वाजता भेटायचं. "फाट्यावर," तो म्हणाला. "फाट्यावर," ही म्हणाली. पुढे कुणी काही विचारलं नाही. पत्ता लोकांना लागतो, टकेटांना कशाला?

मला तिने सोबत नेलं, कारण तिच्या मते पिकअपमध्ये चिकन आणि बटाट्याचं सॅलड धरून बसायला कुणीतरी लागतं. आम्ही सबंध आयडाहो उलट्या दिशेने पार केला. जिथे जिथे बैलगाड्यांच्या जुन्या चाकोऱ्या दिसत, तिथे ती गाडी थांबवायची, उतरायची आणि पश्चिमेकडे तोंड करून चार पावलं चालायची. मग परत गाडीत बसून पूर्वेकडे.

"हे काय नवीन?" मी विचारलं.

"ते ज्या बाजूला चालले, त्या बाजूला चालायला नको?"

"मग उरलेलंही तसंच चाल. मी गाडी घेऊन येते मागून."

"तुला गिअर तरी टाकता येतो का?"

वाटेत जो दगड, जी पाटी लागेल ती मला वाचून दाखवायची आणि वाचून झाली की त्यातल्या चुका सांगायची. माँटपेलियरच्या मोटेलमध्ये तिने केस कुरळे करून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी आरशापुढे ती लिपस्टिक लावताना दिसली तेव्हा मी डोळे फाडून बघत राहिले. मर्लच्या लग्नातसुद्धा, म्हणजे माझ्याच लग्नात, या बाईने ओठ रंगवले नव्हते.

फार्सन मागे टाकून, साउथ पासच्या अलीकडे, हमरस्त्याला लागूनच फाट्याचा दगड आहे. त्याच्या पलीकडे माळावर एक वाट दोन वाटांत फुटलेली स्पष्ट दिसते. टकेटांचं हे देवस्थानच म्हणा ना. सासऱ्यांनी दोन्ही मुलांना लहानपणी इथे आणलं होतं आणि टोपी काढून ते रडले होते. मर्लने मला लग्नानंतर फिरायला म्हणून इथेच आणलं. माझ्या मैत्रिणी नायगारा बघून आल्या, मी हा दगड बघून आले.

आम्ही अकरालाच पोचलो. डेल्फाने खुर्च्या मांडल्या, टेबलावर कापड पसरलं. वाऱ्याने ते उडवलं. तिने त्यावर दगड ठेवले. बारा वाजले. एक वाजला. रस्त्यावरून ट्रक गेले, घोडे वाहून नेणारी एक गाडी गेली, थांबलं कुणीच नाही. फोनला रेंज नव्हती, ती तिथे कधीच नसते.

"गाडी बिघडली असेल," मी म्हटलं.

"नळदुरुस्तीवाल्याची?"

"नळदुरुस्तीवाल्याची गाडी काय नळावर चालते?"

ती हसली नाही. दोन वाजले तेव्हा तिने रुमालाने ओठ पुसले. सगळी लिपस्टिक रुमालावर आली.

"लायमनचाच तो," ती म्हणाली. "कबूल करायचं आणि निघून जायचं. रक्तातच आहे." आणि मग आवाज एकदम बारीक करून, "मला वाटलं होतं, लोरीन, की मरायच्या आधी एकदा तरी आपल्या माणसाचं तोंड बघेन."

इतके महिने मी त्या वेंडेलवर चडफडत होते, आणि त्या घडीला तो समोर आला असता तर मीच त्याच्या गळ्यात पडले असते. तिला तसं बघवेना, म्हणून मी उठून कुंपणाच्या बाजूला गेले. तिथे एक पाटी होती. पाट्या वाचणं हे डेल्फाचं काम, पण इथली पाटी तिने कधी वाचलीच नव्हती. जे पाठ आहे ते कोण वाचतं? मी आपली करायला काही नाही म्हणून वाचली. मग पुन्हा वाचली.

"डेल्फा," मी हाक मारली, "इकडे ये जरा."

"मला पाटी नको आता."

"ये म्हणते ना."

ती आली. पाटीवर सरळ लिहिलं होतं की समोर दिसतो तो फाटा नंतरच्या काळातल्या गाड्यांचा. पश्चिमेला जाणाऱ्यांच्या वाटा इथे फुटल्याच नाहीत. खरा फाटा इथून नऊ-दहा मैलांवर, हमरस्ता सोडून आत.

डेल्फाने कंबरेवर हात ठेवले. "साफ चूक आहे."

"सरकारी पाटी आहे अगं."

"माझे वडील रडले होते इथे!"

"मग चुकीच्या ठिकाणी रडले."

"लोरीन!"

"आणि माझा मधुचंद्र? तोही चुकीच्याच दगडापाशी झाला. मी काही म्हणते का?"

क्षणभर मला वाटलं, आता ही मला इथेच टाकून जाते. पण तिचे ते बाहेर आलेले कान लालभडक झाले, ओठ थरथरले आणि ती जी हसत सुटली ती कुंपणाचा खांब धरूनच थांबली. मग एकाएकी तिच्या लक्षात आलं.

"अगं बाई! म्हणजे तो तिकडे..."

"तिकडे बसलाय बिचारा सकाळपासून."

"की गेला असेल?"

खुर्च्या आम्ही घडीसुद्धा न घालता मागे फेकल्या. आयुष्यभर जिने वेगाची मर्यादा मोडली नाही, ती बाई त्या दिवशी अशी हाकत होती की सॅलडचं भांडं मी मांडीत कवटाळून बसले होते. "गेला असेल, नक्की गेला असेल," ती स्वतःशी बडबडत होती. हमरस्ता सोडून कच्च्या वाटेला लागलो. पुढे ती वाट म्हणजे नुसत्या दोन चाकोऱ्या उरल्या, दोन्हीकडे खुरटी झुडपं आणि एका बाजूला पाण्याने कापलेली घळ. एक गाडी कशीबशी जाईल एवढीच जागा.

आणि समोरून नेमकी एक पांढरी व्हॅन आली.

दोन्ही गाड्या नाकाला नाक लावून थांबल्या. डेल्फाने हॉर्न दिला. व्हॅनने त्याहून मोठा दिला. डेल्फाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"मागे घ्या! आम्हाला घाई आहे!"

समोरूनही एक म्हातारं डोकं बाहेर आलं, टोपी घातलेलं. "आणि मला नाही का? तुम्ही घ्या मागे. चढावरच्याला आधी जाऊ द्यायचं असतं, बाई."

"बस चालवलीय मी जन्मभर! मला शिकवू नका!"

"मग रिव्हर्स येतच असेल तुम्हाला!"

"अजिबात घेणार नाही!"

"मीही नाही. संध्याकाळपर्यंत बसेन इथेच!"

मी आळीपाळीने दोन्ही तोंडांकडे बघत होते. असला हेकट आवाज मी जन्मभर ऐकत आले होते, सासरी, जेवणाच्या टेबलावर.

"डेल्फा," मी म्हटलं, "तो टकेट आहे."

तेवढ्यात वाऱ्याने त्याची टोपी उडाली. कान दिसले. पुढे काही विचारायची गरजच राहिली नाही. दोघंही आपापल्या गाडीतून उतरले आणि बंपरांच्या मध्ये उभे राहिले. मग डेल्फाने त्याला अशी घट्ट मिठी मारली की त्याचा चष्मा तिरका झाला.

"मी त्या दगडाकडेच निघालो होतो," तो सांगायला लागला. "म्हटलं, ऑरेगॉनची माणसं. रस्त्यात दगड दिसला की तिथेच बसणार."

"आणि हे सुचायला इतका वेळ लागला?"

"सुचलं होतं बाराच्या ठोक्यालाच. पण चुकलेल्याने यायचं की बरोबर असलेल्याने?"

"ऐकलंस, लोरीन? हा खरंच आमचाच."

"आणि या कोण?" त्याने माझ्याकडे पाहून विचारलं.

डेल्फाने चष्म्याआडून डोळे पुसले. "ही लोरीन. माझी भावजय. ही नसती तर मी अजून तिथेच बसले असते." मग थांबून, जरा दरडावूनच म्हणाली, "माझीच आहे ती." मला इतकं भरून आलं की मी सॅलडकडे बघत राहिले.

गाडी अखेर मीच मागे घेतली. गिअर टाकता येतो मला.

खरा फाटा दिसायला अगदी साधा. माळ, वारा, एक बुटका दगड आणि दोन चाकोऱ्या एकमेकींपासून हळूहळू दूर जाणाऱ्या. आम्ही तिथे जेवलो. त्याने तिकडचा आंबट पाव आणि स्वतःच्या झाडाचे सुकवलेले जर्दाळू आणले होते. पोटं भरल्यावर दोघांनी पूर्वजांचं भांडण उकरलं.

"सोन्याची हाव," डेल्फा म्हणाली.

"बायकोची भीती," वेंडेल म्हणाला. "एबेनची बायको. आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. आणि गेला तो गेला, एकदाही मागे वळून पाहिलं नाही त्याने."

"एबेनने?" डेल्फा ताडकन उठली. "मागे पाहिलं नाही ते तुमच्या लायमनने! पाठ फिरवली ती फिरवली. माझ्या पणजीने स्वतः आजोबांना सांगितलंय!"

"माझ्या पणजोबांनी वडिलांना सांगितलंय. एबेनने पाहिलं नाही!"

"लायमनने!"

हे आणखी दीडशे वर्षं चाललं असतं. टकेटांना असले प्रश्न पडत नाहीत, ते माझ्यासारख्या बाहेरून आलेल्यांना पडतात.

"अरे, पण एबेनने वळून पाहिलं नाही हे लायमनला कळलं कसं?" मी विचारलं.

वेंडेलने डाव्या चाकोरीकडे पाहिलं. डेल्फाने उजवीकडे.

"तो बघत होता," वेंडेल हळूच म्हणाला.

"आमचाही बघत होता," डेल्फा म्हणाली. "दोघंही बघत होते रे. एकाच वेळी नाही, एवढंच." आणि ती खुर्चीत बसून रडली. टोपी नव्हती, नाहीतर काढली असती. वेंडेलने जर्दाळूंची पिशवी तिच्यापुढे धरली, कारण रुमाल त्याच्याकडे नव्हता.

उन्हं कलली तसे आम्ही निघालो. व्हॅन पुढे, आम्ही मागे. फार्सनच्या चौकात उतरून आइस्क्रीम खाल्लं, एकमेकांचे पत्ते पुन्हा तपासले, मिठ्या मारल्या. वेंडेलने गाडी डावीकडे वळवली, कॅलिफोर्नियाच्या दिशेने. डेल्फा चौकात थांबली. मागून कुणीतरी हॉर्न दिला.

"सरळ, डेल्फा," मी म्हटलं. "घर सरळ आहे."

"ठाऊक आहे मला."

"माझ्या पिशवीत धुतलेला एकच ब्लाउज उरलाय."

"प्लेसरव्हिलला नळ आहेत म्हणे," ती म्हणाली आणि डावा इंडिकेटर लावून वळली. पुढच्या व्हॅनच्या खिडकीतून वेंडेलचं डोकं बाहेर आलं. त्याने मागे पाहिलं, आम्हाला पाहिलं, आणि मग गाव संपेपर्यंत तो हॉर्न वाजवत होता.