इराणातला पक्षी आमच्या पडद्यावर

बायको गेली आणि आमच्याकडचा बाहुल्यांचा खेळ बंद पडला. लोकांना वाटलं सुतक आहे. सुतक कधीच फिटलं होतं. खरं कारण आवाजाचं होतं. चामड्याच्या बाहुल्या पडद्यामागे मी नाचवायचो, राजे, राक्षस, ऋषी यांच्या तोंडचं मी बोलायचो. राण्या, दासी, आया, सगळ्या तिच्या. मी बाईचा आवाज काढला तर पेटीत मांजर कोंडल्यासारखं वाटतं. आणि ती बोलायला सडेतोड. "राजा झालास तरी खोकतास, राक्षस झालास तरी खोकतास, लोकांनी वळखूचा कसा?" असं भर खेळात कुजबुजायची. आता खोकलो तरी कोण काही म्हणत नाही.

आमच्या घरची रीत अशी की, खेळ करणारं माणूस उरलं नाही की बाहुल्यांची पूजा करून त्या नदीत सोडायच्या. माळ्यावर टाकून वाळवीला घालायच्या नाहीत. मुलगा तारकर्लीला लॉजवर कामाला, त्याला याची हौस कधीच नव्हती. मी सुनेला सांगून टाकलं, येत्या अमावास्येला पेटारा नदीवर न्यायचा. सून वैभववाडीकडची, कमी बोलणारी. ती ऐकून चुलीकडे गेली.

त्याच आठवड्यात मसुऱ्याच्या शाळेतल्या बाई आल्या. त्यांच्या शाळेत देशोदेशीच्या गोष्टींचा कार्यक्रम होता. कुठली चित्रं काढून, कुठली नाटक करून. इराणातली एक जुनी गोष्ट त्यांना बाहुल्यांत हवी होती. मी म्हटलं, "खेळ बंद झाला. चहा घ्या." त्यांनी चहा घेतला आणि चहाबरोबर गोष्टही सांगितली.

एका सरदाराला मुलगा झाला, त्याचे केस जन्मतःच पांढरे. बापाला लाज वाटली. त्याने ते पोर डोंगरावर टाकून दिलं. तिथे एका भल्यामोठ्या पक्ष्याचं घरटं. पक्ष्याने त्याला आपल्या पिलांबरोबर वाढवलं. पुढे बापाला पश्चात्ताप झाला, तो डोंगराखाली येऊन रडत बसला. पक्ष्याने पोराला परत पाठवलं, जाताना आपलं एक पीस दिलं. अडचण आली की हे जाळ, मी येईन.

गोष्ट मला आवडली, पण मी हो म्हटलं ते त्यासाठी नाही. मी मनात पात्रं बघत होतो. बाप, पोर, पक्षी. पोराची आई आहे, पण तिला बोलायचं काही नाही. म्हणजे सगळं मी एकटा करू शकत होतो. एवढा एक खेळ करू आणि मग पेटारा सोडू, असा विचार केला.

बाईंनी फोनवर त्या पक्ष्याचं चित्र दाखवलं. मोरापेक्षा लांब शेपूट, रंग विचारू नका. मी म्हटलं, पक्षी तो पक्षी. आमच्या पेटाऱ्यात वनवासाच्या कथेतला एक थोरला पक्षी होता, पंख पसरलेला. तोच काढला. पोर तेवढं नवीन केलं, बकऱ्याच्या कातड्याचं. केसांना रंग दिला नाही, म्हणजे मागून उजेड येऊन ते पांढरे दिसतील.

शाळेत न्यायच्या आधी संध्याकाळी अंगणात एकदा करून बघितला. शेजारपाजारची माणसं आली, बाई पण आल्या. पडदा लावला, बल्ब पेटवला, गणपती नाचवला, मग पाळणा आणला.

"ह्यो म्हातारो पाळण्यात कित्याक झोपलो?" पुढून एकाने विचारलं आणि सगळे हसले. आमच्या पडद्यावर पांढरे केस म्हणजे ऋषी, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. मी तसाच पुढे गेलो. पक्षी आणला. त्याबरोबर शेजारच्या काकीने हात जोडले, आणखी चार बायकांनी जोडले. सगळी शांत झाली. मला वाटलं, जमलं. मग काकी म्हणाली, "दहा तोंडांचो कधी येतलो रे?"

"तो नाय ह्या गोष्टीत, काकी."

"मगे ह्याचे पंख कोण तोडतलो?"

"कोणच नाय."

"मगे ह्यो इलो कित्याक?"

पुढची गोष्ट कोणी ऐकली नाही. मी घोगऱ्या आवाजात पोराला निरोप दिला, माणसं उठून गेली. बाई तेवढ्या मागे थांबल्या.

मी बाहुल्या गुंडाळत म्हटलं, "अमावास्येपर्यंत कित्याक थांबूया? उद्याच सोडूया सगळा."

सून पडदा उतरवत होती. म्हणाली, "बाबा, त्या पोराक भरवता कोण? पंखाखाली निजवता कोण?"

"पक्षी."

"मगे ती त्याची आवस, आईच झाली. तुमी तिका बापयाचो आवाज दिलास."

मला राग आला. "मगे काय करू गो? माझ्याकडे दुसरो आवाज नाय."

"माझो आसा."

"तुका गाणा येता?"

"गाणा नाय. बोलूक जमता."

मला पहिल्यांदा वाटलं, नाही म्हणावं. बायकोच्या जागी दुसरं कोणी बसावं हे मला नको होतं, हे सरळ सांगतो. पण ती उभीच राहिली, पडद्याची घडी छातीशी धरून. ती विचारत नव्हती, सांगत होती. बाई हळूच म्हणाल्या, "करून तर बघा, काका."

दुसऱ्या दिवशी मी नवा पक्षी करायला बसलो. जुना पक्षी त्याच्याच गोष्टीत राहू दे, हे कळलं होतं. कातडं घासलं, भोकं पाडली, बाईंच्या फोनमधली शेपूट जमेल तशी काढून रंगवली. डोकं सुनेने सांगितलं तसं केलं, जरा वाकलेलं, पिलाकडे बघणारं.

मसुऱ्याला शाळेचा हॉल भरला होता. म्हातारं पोर पाळण्यात आलं तेव्हा कोणी हसायच्या आत पोराच्या आईच्या तोंडून सुनेचा आवाज आला, "गप रे माझ्या बाळा, भूक लागली? दूध पितलंस?" मग ते पोरच झालं. केसांचं कोणी काही बोललं नाही. तिचा आवाज बारीक, थोडा घाईचा. माझ्या बायकोसारखा अजिबात नाही. मी त्यात ती शोधत होतो, ती नव्हती.

बाप डोंगराखाली आला. पोर जाईना. पुढचे शब्द आम्ही ठरवले नव्हते, सूनच म्हणाली, "जा बाळा. बापूस इलो तुझो. चुकलो तो, पण इलो मां? ह्या पीस घे. नड पडली तर जाळ. खंय असलंय तरी येतलंय."

माझा हात थांबला. असं पीस कोणी ठेवून जात नाही, मला माहीत आहे. पक्षी पडद्यावर तसाच उभा राहिला. लोकांना वाटलं, तो मुद्दाम थांबलाय. पुढे बसलेली एक बाई पदराने नाक पुसत होती. मग मी त्याला उडवलं, शेपटीतून सगळे रंग हॉलच्या भिंतीवर गेले, आणि पोरं ओरडली.

अमावास्या आली आणि गेली. पेटारा नदीवर न्यायचं घरात कोणी काढलं नाही, मीही नाही.

त्यानंतर एका सकाळी मी सुनेला म्हटलं, "राणीची गाणी शिकतलंस?"

"शिकतलंय. पण आईंसारखी नाय होणा."

"नाय होऊ दे."

ती विळीवर नारळ खवत बसली होती. मी ओळ सांगितली, तिने म्हटली. चाल चुकली आणि फार पळाली. मी पाटावर बोटांनी ठेका धरला. "हळू गो. राणी काय एसटी पकडूक धावता?"

ती हसली, हात पुसले आणि पहिल्यापासून म्हणायला लागली.