बारशाच्या सकाळी दादाचा मोडेम

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. नोकरीसुद्धा कंप्युटरची... पण हे एक कोडं काही केल्या सुटत नाही.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या आसपासची वर्षं, गाव सेलू. पुण्यात नोकरीला असलेल्या दादानं मला शिकायला एक जुना कंप्युटर घरी आणून दिला होता. त्यातल्या एडिटरला, म्हणजे लिहायच्या प्रोग्रॅमला, आपण नवे हुकूम शिकवू शकायचो. दादानं एक शिकवला होता — कळ दाबली की मोडेम फोनवरून कुंईकुंई करत त्याच्या पुण्याच्या मशीनला जोडायचा. वाटेत कुणी वाचू नये म्हणून लिहिलेलं सगळं विस्कटून जायचं. दोन्हीकडे एकच गुप्त शब्द दिला तरच वाचता यायचं. आमचा शब्द 'मोत्या', आमच्या कुत्र्याचं नाव. जोडलं की त्याची पहिली ओळ ठरलेली — "जेवलीस का, शोभे?"

मग देवगाव फाट्यावर दादाची जीप उलटली... दादा गेला. वहिनी तेव्हा पोटुशी होती.

मुलगा झाला. आई म्हणाली, "माझा दिनकर परत आलाय. त्येचंच नाव ठेवायचं." वहिनी मला स्वयंपाकघरात धरून रडली — "वन्सं, त्यांचं नाव मी कधी तोंडानं घेतलं न्हाई. मंग लेकराला हाक कशी मारू?"

कानात नाव सांगणार आत्या, म्हणजे मीच! माझ्या मनात 'समीर' होतं, पण कुणापाशी बोलले नव्हते. आईचं मन कसं मोडायचं?

बारशाच्या सकाळी दादाची लय आठवण आली. उगाच कंप्युटरपुढे बसले, कळ दाबली. वादळानं फोन आठवडाभर बंद होता — तरी मोडेम कुंईकुंई करायला लागला. 'मोत्या' टाकलं, तर पडद्यावर नुसता कचरा. काय सुचलं कोण जाणे, 'समीर' टाकलं.

"जेवलीस का, शोभे?"

अगं बाई! मी तिथंच ओक्साबोक्शी रडले. रिसीव्हर कानाला लावला, तर फोन ठार बंद.

पाळण्यापाशी वाकून मी बाळाच्या कानात 'समीर' म्हणाले. आई रुसली, काही दिवस बोलली नाही. मग तीच त्याला समीर म्हणत जोजवायला लागली.

आजही कामावर तसल्याच एडिटरमधून मी रोज गुप्त कनेक्शन उघडते. त्या दिवशीचं कुणी उघडलं? दादाचं पुण्याचं मशीन तर तो गेल्यावर लगेच बंद केलेलं... मला खरंच माहीत नाही. सेलूला गेले की वहिनी ओट्यावरून मोकळ्या गळ्यानं हाक मारते, "समीर, आत्या आलीय रे! चल, जेवायला वाढलंय."