तळ्यावर धरलेली जागा

हसणार असाल तर चहाचा कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हे सांगत होतो तर मंदारच्या नाकातून चहा आला, आणि तो तर त्या दिवशी तिथेच होता! म्हणजे नव्हता. तो तिथे नव्हता, हाच तर सगळा घोळ.

त्याचं असं झालं. इथे परदेशात, माउंट वेलिंग्टनला, आमच्या शेजारी ग्रॅहम नावाचे आजोबा राहतात. ईस्टरच्या सुट्टीत आम्ही दोघं आणि आमचे मित्र मंदार-श्रुती ट्राउट मासे पकडायला रोटोरुआच्या तळ्याकडे निघालोय, हे कळल्यावर ते गॅरेजमधून एक रॉड घेऊन आले. त्यांच्या बायकोचा, जूनचा. जून आता नाही. लाइनच्या टोकाला, माशाला फसवायला तिनं स्वतःच्या हातानं गळावर बांधलेली पिसांची खोटी माशी तशीच लटकत होती.

"हा केतकीला दे," ते म्हणाले. केतकी म्हणजे आमची ही. "गॅरेजात पडून राहण्यापेक्षा पाण्यात जाऊ दे."

अहो, जूनचा कोट त्यांनी अजून दारामागच्या खुंटीवरून काढलेला नाही. असा माणूस तिचा रॉड आपल्या हातात देतो!

पण मी पुण्याचा. भरून आलं तरी नियम विचारल्याशिवाय कसा राहीन? "एका माणसानं किती रॉड न्यायचे?"

"हातात मावतील तितके ने, मेट. पण पाण्यात एकट्याचा एकच. दुसरा वापरलास तर रेंजर सामान उचलून नेऊ शकतो."

यातलं पहिलं वाक्य मला फारच आवडलं. दुसरंही ऐकलं मी, नाही असं नाही. पण पहिल्याइतकं नाही आवडलं.

तिथे पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी एकटाच तळ्यावर हजर. बाकीची मंडळी मोटेलात पोहे करत होती. ओढा जिथे तळ्याला मिळतो तिथे मासे येतात, आणि तिथे उभं राहायला जागा थोडी. आता मला सांगा, जागा थोडी आणि आपली माणसं मागून येणार, अशा वेळी आपण काय करतो? नाटकाला काय करतो? पंगतीत काय करतो? रुमाल टाकतो! मी रॉड टाकले.

एक माझ्या हातात, तीन काठावर रोवलेले. नुसते रोवून ठेवले तर कुणीतरी बाजूला सारेल, म्हणून तिन्ही लाइन पाण्यात सोडल्या. पण नियमाला धरून हं! मंदार आणि श्रुतीच्या लाइनचे गळ काढून ठेवले. गळ नाही तर मासेमारी नाही, बरोबर की नाही? जूनची माशी मात्र माझ्यानं कापवेना. म्हटलं, राहू दे, एवढीशी माशी काय करणार आहे!

तेवढ्यात मागून आवाज आला, "किया ओरा!" म्हणजे इथला नमस्कार. गमबूट, हिरवं जाकीट, हसरा चेहरा. रेंजरबाई! मी ऐटीत लायसन्स दाखवलं.

"छान. आणि हे बाकीचे रॉड कुणाचे?"

"बायकोचा आणि मित्रांचे."

"ते कुठे आहेत?"

"येतायत."

"मग हे पाण्यात काय करतायत?"

"जागा धरतायत."

"कसली जागा?"

"तळ्याची."

बाईंनी तळ्याकडे पाहिलं. पार पलीकडच्या डोंगरापर्यंत पसरलेलं तळं, आणि अख्ख्या काठावर आम्ही दोघंच!

मी घाईघाईनं फोन लावला. "मंद्या, धावत या! रेंजर आलीय!"

"अरे, पोहे आत्ताच उतरवलेत, लिंबू पिळतोय."

"लिंबू गेलं खड्ड्यात! येऊन आपापला रॉड धरा!"

"तू धर की तोवर!"

"तेच तर चालत नाही इथे!"

मग मी एकेक लाइन ओढून गळ नसल्याचं दाखवायला लागलो. मंदारची रिकामी. श्रुतीची रिकामी. बाईंना हसू आवरेना. म्हणाल्या, "बिनगळाचा मासेमार मी आज पहिल्यांदाच बघते." माझा जीव जरा भांड्यात पडतोय, तोच जूनचा रॉड कर्रर्र करून वाकला.

"हासुद्धा जागाच धरतोय का?" बाईंनी विचारलं.

रॉड उखडून पाण्याकडे निघाला होता. हात लावावा तर माझ्या नावावर दुसरा रॉड, तोही रेंजरच्या नाकासमोर! न लावावा तर जूनचा रॉड तळ्याच्या पोटात, आणि मी ग्रॅहमना कोणत्या तोंडानं भेटू?

"धरू का?" मी ओरडलो.

"आधी हातातला खाली ठेव!"

खाली कसला ठेवतोय, फेकलाच! आणि कपड्यांसकट पाण्यात उडी. कमरेपर्यंत बर्फासारखं पाणी, पण रॉड हाती आला. टोकाला ट्राउट होता, एवढा मोठा की मी त्याला अहो-जाहो करायला लागलो. बाईंनी सांगितलं तसा अलगद सोडवून तो पाण्यात सोडून दिला.

"आता नियमानं हे सगळं मला न्यायला हवं," बाई म्हणाल्या.

मी गयावया करायला लागलो. "बाकी सगळं न्या. मलाही न्या! पण हा एक नको. हा शेजारच्या आजोबांच्या बायकोचा आहे. ती नाहीये आता. त्यांनी विश्वासानं दिलाय." बोलता बोलता रडू फुटलं. ओली पँट, वाहतं नाक, काय ध्यान दिसत असेन!

बाईंनी ती पिसांची माशी बोटांवर घेऊन नीट पाहिली. मग रॉड माझ्या हातात ठेवला. "या वेळी ताकीद. ज्याचा रॉड त्याच्याच हातात, आणि तोही तो आल्यावर."

इतके उपकार वाटले की मी पाया पडायला वाकलो. त्यांना वाटलं, चक्कर आली. त्यांनी मला धरून दगडावर बसवलं आणि स्वतःच्या थर्मासमधला चहा पाजला. परक्या देशात आपल्याला असं कोण सांभाळून घेतं हो? अजून आठवलं की हात जोडले जातात.

घरी आल्यावर ग्रॅहमना सगळं खरंखरं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाठ फिरवली. खुंटीवरच्या जूनच्या कोटाकडे बघत राहिले. मनात म्हटलं, संपलं, एवढं चांगलं नातं घालवलं आपण.

"मासा लागला? जूनच्या माशीला?" त्यांनी हळूच विचारलं. "अरे, तिला त्या रॉडवर जन्मात एक मासा मिळाला नाही! दरवर्षी नवी माशी बांधायची, रिकाम्या हातानं परत यायची, आणि म्हणायची, माशीत काही खोट नाही, मासेच अडाणी." ते हसत होते आणि डोळेही पुसत होते. "बरोबर होतं तिचं. हा रॉड आता तुमच्याकडेच राहू दे."

मी गहिवरून हात पुढे केला.

"तुला नाही. केतकीला," म्हातारा म्हणाला. "तू हातात धरला होतास, त्या रॉडला काय लागलं?"

"काही नाही."

"आणि ज्याच्यापासून लांब होतास त्याला?"

तेव्हापासून केतकी मासे पकडते आणि मी काठावर पोह्यांचा डबा सांभाळत बसतो. सरकार माणशी एक रॉड देतं हो, पण आमच्या घरात मला तेवढाही मिळत नाही!